त्रिपक्षीय सहकार्य आणि ऊसतोड कामगार : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात कामगार कायदा सुधारणांची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय कामगार धोरणाच्या परिभाषेत 'त्रिपक्षीय' हा शब्द १९४२ पासून रूढ आहे. त्या वर्षी सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी प्रथमच एका परिषदेत एकत्र बसले आणि त्यातूनच पुढे भारतीय श्रम परिषदेची परंपरा निर्माण झाली. १९५७ साली भरलेल्या पंधराव्या परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष निश्चित केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या त्रिपक्षीय सल्लामसलतीविषयीच्या १४४ व्या ठरावाला भारताने १९७८ मध्ये मान्यता दिली. न्या. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगापासून २००२ मध्ये अहवाल देणाऱ्या दुसऱ्या आयोगापर्यंत सर्वांनीच या तत्त्वाचा पुरस्कार केला आहे.

या पार्श्वभूमीवर अलीकडील कायदा सुधारणांकडे पाहिले असता एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. २९ केंद्रीय कायदे एकत्रित करून २०१९ व २०२० मध्ये चार श्रम संहिता संमत झाल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. मात्र भारतीय श्रम परिषदेचे ४६ वे अधिवेशन २०१५ मध्ये झाल्यानंतर संहिता संमत होईपर्यंत एकही अधिवेशन भरले नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील कामगार कायद्यांची सर्वांत मोठी पुनर्रचना अशा रीतीने त्रिपक्षीय परिषदेविनाच पार पडली. सरकारने स्वतंत्र बैठका घेऊन संघटनांचे म्हणणे ऐकल्याचे सांगितले. संघटनांनी त्या बैठकांना सल्लामसलत मानण्यास नकार दिला.

कामगार संघटनांच्या या टीकेत तथ्य आहे, परंतु ती पुरेशी नाही. परिषद भरली असती तरी तिच्या मेजाभोवती बसणारे तीन पक्ष कोण, हा प्रश्न शिल्लकच राहिला असता. सरकार, मालक आणि कामगार हे तिघे परस्परांहून वेगळे आहेत आणि प्रत्येकाला ओळखता येते, हे त्रिपक्षीयतेचे गृहीतक होय. ते कितपत खरे आहे हे तपासण्यासाठी अहमदनगर जिल्ह्याइतके (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासे या भागात साखर कारखाने आहेत, तर पाथर्डी, जामखेड, शेवगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांतून त्याच कारखान्यांचा ऊस तोडणारे मजूर दरवर्षी बाहेर पडतात. कारखाना आणि कोयता एकाच जिल्ह्यात असूनही कायद्याने त्यांना एकमेकांसमोर क्वचितच उभे केले आहे.

कारखान्याच्या दाराच्या आत

जिल्ह्यातील साखर उद्योगाचा आरंभ सहकारातून झाला नाही, ही गोष्ट आज सहसा ध्यानात घेतली जात नाही. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगाव भागातील साकरवाडी व लक्ष्मीवाडीचे गोदावरी कारखाने ही सर्व खाजगी भांडवलाची निर्मिती होती. या कंपन्यांची स्वतःची हजारो एकर ऊसशेती होती आणि कामगार चळवळीची पहिली बांधणी याच परिसरात झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा साखर कामगारांच्या संघटनेला बराच पूर्वेतिहास होता.

या कामगारांना लाभलेली कायदेशीर चौकट म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६. बदलाची सूचना, समेट, लवाद आणि प्रातिनिधिक संघटना अशी सुविहित रचना या कायद्याने उभी केली. १९५७ आणि १९६५ मध्ये साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळे नेमली गेली. त्यानंतर राज्य पातळीवर शासन, महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीमार्फत वेतन करार करण्याची प्रथा पडली. कायम आणि हंगामी कामगारांची वेतनश्रेणी, महागाई भत्ता, बिगरहंगामातील रिटेन्शन भत्ता हे सर्व विषय या समितीत ठरतात. ग्रामीण महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या मुलाला कारखान्यातील नोकरी ही सरकारी नोकरीच्या खालोखाल प्रतिष्ठेची वाटत आली, त्यामागे या करारांचा मोठा वाटा आहे.

तरीही ही व्यवस्था आदर्श ठरवणे धाडसाचे होईल. ३१ मार्च २०१९ रोजी संपलेल्या कराराच्या जागी १२ टक्के वेतनवाढीचा नवा करार होण्यास २०२१ साल उजाडले. त्याची मुदत मार्च २०२४ मध्ये संपल्यानंतर १० टक्के वाढीचा पुढील निर्णय २०२५ मध्ये झाला. करार मागील तारखेपासून लागू होतो हे खरे. पण थकबाकी प्रत्यक्ष हातात पडणे हे कारखान्याच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून असते आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराला टक्केवारीचा काहीच उपयोग नसतो. पारनेरचा सहकारी कारखाना अवसायनात जाऊन विकला गेला. राहुरीचा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला.

याहून मूलभूत अडचण पक्षांच्या ओळखीची आहे. सहकारी कारखान्यात शासनाचे भागभांडवल असते, कर्जाला शासनाची हमी असते आणि साखर आयुक्तालयाच्या परवान्याविना गाळप सुरू होत नाही. विखे, थोरात, काळे, कोल्हे, गडाख, तनपुरे या कारखानदारीशी निगडित घराण्यांनी राज्याला मंत्री दिले. यात व्यक्तिगत दोष शोधण्याचे कारण नाही. सहकारी चळवळीतून राजकीय नेतृत्व घडावे हे चळवळीच्या यशाचेच लक्षण मानले गेले. परंतु औद्योगिक संबंधांच्या दृष्टीने पाहता, मेजावरील तीनपैकी दोन खुर्च्यांवर एकाच वर्तुळातील माणसे बसतात आणि शासनाने निःपक्ष तिसरा पक्ष म्हणून वागावे ही अपेक्षा केवळ औपचारिक उरते. या गुंत्याचे आणखी टोकाचे रूप शेती महामंडळात दिसते. १९६१ च्या जमीनधारणा कमाल मर्यादा कायद्याने खाजगी कारखान्यांची ऊसशेती शासनाकडे आली आणि १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. हरिगाव, टिळकनगर परिसरातील शेतमजुरांच्या बाबतीत शासन हेच मालक झाले.

दाराबाहेर : कोयता, मुकादम, उचल

कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत ऊस आणणाऱ्या मजुराकडे वळल्यावर मात्र ही सर्व परिभाषाच बदलते. येथे एकक 'कामगार' नसून 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो; तोडलेल्या उसाच्या टनामागे ठरलेल्या दराने ती फिटते; आजारपणामुळे वा अन्य कारणाने काम बुडाल्यास 'खाडा' कापला जातो आणि हंगामाअखेर बाकी राहिल्यास ती पुढील वर्षीच्या उचलीत धरली जाते. उचलीचा पैसा कारखान्याकडून, किंवा त्याने स्थापन केलेल्या ऊस तोडणी व वाहतूक संस्थेकडून, वाहतूकदार व मुकादम यांच्यामार्फत खाली येतो. मुकादमाला त्यावर कमिशन असते.

तोडणीचा दर राज्य पातळीवर ठरतो. कामगार आणि मुकादम यांच्या संघटना एका बाजूला आणि साखर संघ दुसऱ्या बाजूला, असा हा करार असतो. दीर्घकाळ त्यात शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांनी आणि २०१४ नंतर पवार व पंकजा मुंडे यांनी मध्यस्थ म्हणून निर्णायक भूमिका बजावली. २०२० मध्ये १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मान्य झाली. संपाच्या इशाऱ्यानंतर मिळालेली ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन्ही वेळी उचल बुडवून पळालेल्या टोळ्यांच्या तक्रारी कारखान्यांकडूनही मांडल्या गेल्या आणि त्यांतील काही खऱ्याही आहेत.

तथापि हा करार त्रिपक्षीय नव्हे, आणि काटेकोरपणे पाहिल्यास द्विपक्षीयही नव्हे. साखर संघ करारावर सही करतो, पण आपण या मजुरांचे मालक आहोत असे कोणताही कारखाना मान्य करत नाही. मजुरांच्या बाजूने मुकादमही सहभागी असतो, मात्र मजुराच्या दृष्टीने तोच देणेकरी आणि तोच हजेरी घेणारा असतो. मजुराला मजुरी आणि मुकादमाला कमिशन एकाच दस्तऐवजात वाढवून मिळते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी ऊसतोड कामगारांची चळवळ बांधली आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने बोधेगावला केदारेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गोपीनाथ मुंडे यांनी परळीचा वैद्यनाथ कारखाना उभारला. कोयत्याच्या नेत्याने कारखाना काढणे यात त्या समाजाच्या आकांक्षेचे दर्शन घडते. मात्र त्यामुळे कामगार आणि मालक या दोन बाजूंमधील अंतर आणखी पुसट झाले.

चर्चेत सहसा न येणारा चौथा पक्ष म्हणजे ऊस उत्पादक शेतकरी. महाराष्ट्रात उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा करून उर्वरित रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. म्हणजेच तोडणी दरात झालेली वाढ अंतिमतः सभासदाच्या उसाच्या पैशातून जाते. सही संघाची, खर्च शेतकऱ्याचा, देखरेख मुकादमाची आणि ऊस कारखान्याचा अशी ही विभागणी आहे. फडात मजूर आणि शेतकरी यांच्यात होणाऱ्या कुरबुरींचे, तोडीसाठी वर पैसे मागितल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या विभागणीत आढळते. २०२३ मध्ये शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी प्रत्येकी ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांपैकी कमी असलेल्या रकमेचे अनुदान जाहीर केले. मजुरांवर इतका दूरगामी परिणाम करणाऱ्या या निर्णयापूर्वी त्यांच्याशी बोलण्याचे कोणतेही कायदेशीर व्यासपीठ अस्तित्वात नव्हते.

संहितांची भाषा

आता संहितांच्या मजकुराकडे वळणे आवश्यक आहे. ऊसतोड मजुराला स्थलांतरित म्हणून संरक्षण मिळेल अशी अपेक्षा प्रथम निर्माण होते. परंतु १९७९ च्या कायद्याप्रमाणेच व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हीदेखील आंतरराज्य स्थलांतरिताचाच विचार करते. पाथर्डीचे कुटुंब बेळगाव जिल्ह्यात गेले तर ते स्थलांतरित ठरू शकते. तेच कोल्हापूरला किंवा आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला गेले तर नाही. दोन्ही ठिकाणी कोपी तीच, पहाटेची थंडी तीच आणि मुलांची बुडालेली शाळाही तीच.

दुसरा मार्ग कंत्राटी कामगाराच्या तरतुदींचा. १९७० च्या केंद्रीय कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. संहितेने ती ५० केली. महाराष्ट्राने स्वतःच्या दुरुस्तीने ती आधीच ५० वर नेली होती. कारखान्यासाठी हजारो मजूर ऊस तोडत असल्याने आस्थापनेच्या दृष्टीने ही मर्यादा अडचणीची नाही. मात्र मुकादमाच्या टोळीत दहा-पंधरा कोयते, म्हणजे वीस-तीस माणसे असतील, तर तो परवान्याच्या कक्षेबाहेर राहतो. शिवाय कोयता हे एकक कायद्यात नाही. संहिता व्यक्ती मोजते, तर व्यवहार जोडी मोजतो. जोडीतील स्त्रीच्या नावे स्वतंत्र मजुरी नोंदलीच जात नसेल, तर वेतन संहितेतील समान वेतनाचे कलम कोणत्या आकड्याला लावायचे?

सर्वांत विचारप्रवर्तक तरतूद 'मुख्य कामा'विषयीची आहे. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नेमण्यास संहितेने मनाई केली आहे. उसाविना साखर नाही, म्हणून तोडणी हे मुख्य काम, असा युक्तिवाद येथे सहज सुचतो. परंतु त्याच कलमाला अपवाद जोडले आहेत आणि त्यांतील पहिला असा की, आस्थापनेच्या नेहमीच्या कामकाजात जे काम साधारणतः कंत्राटदारामार्फतच करून घेतले जाते, त्याला ही मनाई लागू नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुकादमामार्फत तोडणी होत आली, हाच येथे कारखान्याचा बचाव ठरतो. जी प्रथा सुधारायची, तिलाच सुधारणेच्या कायद्याने सूट दिली आहे.

या 'साधारणतः' शब्दाचा जुना इतिहास अहमदनगर जिल्ह्यातच घडला आहे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. १९४६ च्या अधिनियमात मालकाची व्याख्या विस्तृत आहे. उपक्रमाचा साधारणतः भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेतले, तर उपक्रमाचा धनी हाच मालक समजला जातो. महाराष्ट्र शुगर मिल्स विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात कंत्राटदारांच्या मजुरांचा वाद औद्योगिक न्यायालयाकडे सोपवता येतो काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९५१ च्या निकालात न्यायालयाने शासनाच्या बाजूने कौल दिला. मोठ्या उपक्रमाच्या मालकाने कंत्राटदार पुढे करून मजुरांचे हक्क टाळू नयेत यासाठीच विधिमंडळाने या व्याख्या हेतुपुरस्सर व्यापक केल्या आहेत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. एकाच शब्दाचा उपयोग १९४६ मध्ये मालकाला बांधून घेण्यासाठी झाला आणि २०२० मध्ये त्याला मोकळे करण्यासाठी.

यावर आक्षेप घेता येईल. टिळकनगरची मिल ही खाजगी कंपनी होती, तर सहकारी कारखाना सभासदाच्या शेतातील ऊस विकत घेतो, तेव्हा तोडणी हे शेतकऱ्याचे काम आहे, असे म्हणता येते. उत्तरेकडील अनेक राज्यांत शेतकरी स्वतः ऊस तोडून कारखान्यावर आणतो, हेही खरे. पण महाराष्ट्रात तोडणीचा क्रम कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, टोळ्यांची भरती त्याच्या पैशाने होते, कोणत्या फडात कोणती टोळी कधी जाईल याची चिठ्ठी त्याचा चिटबॉय देतो आणि मजुरीचा हिशेब त्याच्या संगणकावर होतो. एवढे नियंत्रण असताना मालकत्व नाकारणे तर्कदृष्ट्या कठीण आहे. सहकाराने उसाचे उत्पादक कारखान्याचे मालक झाले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याच वेळी तोडणाऱ्याला पूर्वीच्या व्याख्येतून बाहेर पडण्याची वाट त्याने मोकळी केली, ही त्या श्रेयाची दुसरी बाजू क्वचितच अभ्यासली गेली आहे.

औद्योगिक संबंध संहितेविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे. संपापूर्वीच्या सूचनेची तिची सक्ती साखर कामगाराला फारशी नवी नाही, कारण १९४६ चा कायदा याहून सैल नव्हता. कामगारकपात व बंदीसाठी शासनाच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेल्याने लहान कारखान्यांतील कायम कामगार अधिक असुरक्षित होईल. वाटाघाटी करणाऱ्या एकमेव संघटनेसाठी संहितेने ५१ टक्के सभासदत्वाची अट घातली आहे, तर राज्याच्या कायद्यात प्रातिनिधिक संघटनेसाठी २५ टक्के पुरतात. या दोहोंचा मेळ कसा घालायचा यावर त्रिपक्षीय समितीतील कामगार प्रतिनिधित्वाचे भवितव्य ठरेल.

माथाडी मंडळाचा पर्याय

मालक निश्चित करता येत नाही, म्हणून कायदाच करता येत नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राने एकदा खोडून काढलेला आहे. बाजारपेठेतील हमाल दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलतो. त्याचा एक मालक दाखवता येत नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या रेट्याने १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने याचे उत्तर शोधले. मालक आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी व मर्यादित संख्येने शासनाचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन करायचे, मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची, अशी ही रचना आहे. अहमदनगरच्या बाजार समितीतील हमालांनीही या कायद्याच्या आधारे आपले हक्क मिळवले. माथाडी मंडळांविषयी अलीकडे अनेक तक्रारी आहेत आणि माथाडीच्या नावाखाली होणाऱ्या खंडणीखोरीचा उद्योजकांनी केलेला उल्लेख सर्वस्वी निराधार नाही. पण उचलीऐवजी पासबुक ही या कायद्याची मिळकत त्यामुळे पुसली जात नाही. हा राज्याचा कायदा असल्याने रद्द झालेल्या २९ केंद्रीय कायद्यांत तो नाही.

ऊसतोड कामगारांसाठी शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याण महामंडळ स्थापन केले. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तितकाच शासनाचा वाटा असे सूत्र ठरले. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. वसतिगृहाची गरज पाथर्डी किंवा जामखेडमधील कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. दिवाळीनंतर वर्गातील रिकाम्या जागा तो दरवर्षी मोजतो. मात्र या महामंडळाने माथाडी कायद्यातील फक्त लेव्ही घेतली, मंडळ घेतले नाही. मजुरी महामंडळातून जात नाही, उचलीची नोंद त्याच्याकडे होत नाही, कारखान्याला कोणतेही मालकत्व त्यामुळे येत नाही. कल्याण झाले तर ते अनुदान म्हणून होते, वेतनाचा भाग म्हणून होत नाही. टनामागे १० रुपये देऊन कारखान्याची जबाबदारी संपत असेल, तर ही लेव्ही मालकत्वाची पायरी न ठरता त्यातून सुटण्याची किंमत ठरण्याचा धोका आहे.

उलटपक्षी, उचल, दर, कमिशन आणि खाडा हे चारही व्यवहार समसमान प्रतिनिधित्वाच्या मंडळामार्फत झाले, तर मुकादम भरती करणारा म्हणून राहू शकेल, पण सावकार म्हणून राहणार नाही. शेतकऱ्यालाही आपल्या एफआरपीतून वजा झालेली रक्कम खरोखर कोणाच्या हाती पडली हे पाहता येईल. अशा मंडळात ऊस उत्पादकांना स्वतंत्र जागा द्यावी लागेल आणि तिथे त्रिपक्षीय हा शब्द अपुरा पडेल. त्यासाठी केंद्राच्या संहितांची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये राज्याने ती पाहिली नव्हती.

नव्या संहितेची एक तरतूद मात्र या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे तिने बंधनकारक केले आहे. सध्या हंगामाच्या व्यवहारात होणारा लेखी करार मुद्रांकावर असतो आणि तो उचल दिल्याचा असतो. त्यात परतफेडीची अट असते, कामाचे तास, वेतन किंवा अपघाताची भरपाई यांविषयी काही नसते. दसऱ्याच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ट्रॅक्टर भरून निघणाऱ्या जोडीला, दोघांच्या स्वतंत्र नावांनी, असे नियुक्तिपत्र द्यायचे ठरले, तर त्यावर कारखान्याच्या कार्यकारी संचालकाने सही करायची, तोडणी-वाहतूक संस्थेच्या सचिवाने की मुकादमाने, हे राज्याच्या कामगार विभागाने एका आदेशाने स्पष्ट करणे शक्य आहे. १९५१ च्या निकालाचा आधार त्यासाठी उपलब्ध आहे.